सांडपाण्याचे जैविक शुद्धीकरण : खानदेशच्या नद्या आणि त्यांचे पाणी

नदीचे पचन

सांडपाण्यातली बहुतेक घाण म्हणजे जिवाणूंचे अन्न. तांदळाचे धुवण, दुधाचा अंश, साबण, मलमूत्र, कारखान्यातून वाहून आलेली साखर किंवा पिष्ट हे सगळे सेंद्रिय पदार्थ. ते नाल्यातून नदीत आले की पाण्यातले जिवाणू त्यांवर ताव मारतात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. हवेतून नवा प्राणवायू पाण्यात मुरण्याआधीच जुना संपला, तर मासे तडफडतात. त्यानंतर प्राणवायूविना जगणारे जिवाणू जोर धरतात, पाणी काळे पडते आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. नदी पचवू शकते, पण तिच्या पचनाला मर्यादा असते. जैविक शुद्धीकरण म्हणजे हेच पचन नदीत घडू देण्याऐवजी आधीच टाकीत, तळ्यात किंवा वाफ्यात उरकून घेणे.

ही भूक मोजण्याचे माप म्हणजे जैवरासायनिक प्राणवायू मागणी, अर्थात बीओडी. पाण्याचा नमुना ठरावीक तापमानाला ठरावीक दिवस बंद बाटलीत ठेवायचा आणि किती प्राणवायू खर्च झाला ते पाहायचे. ब्रिटिश पद्धतीत हे माप 20 अंश सेल्सिअसला 5 दिवस घेतात. भारतात उष्ण हवामानाला धरून ते 27 अंशांना 3 दिवस घेण्याची पद्धत रुळली. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरमागे साधारण 250 मिलिग्रॅम असतो. पर्यावरण संरक्षण नियमांच्या सर्वसाधारण मानकाप्रमाणे नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात तो 30 पेक्षा जास्त नसावा, तर शेतजमिनीवर सोडायच्या पाण्यासाठी मर्यादा 100 आहे.

अशा मानकांच्या मुळाशी एक गृहीतक आहे आणि खानदेशात नेमके तेच कोसळते. इंग्लंडच्या रॉयल कमिशनने 1912 मध्ये 20 बीओडी आणि 30 तरंगते घन पदार्थ ही प्रसिद्ध मर्यादा सुचवली, तेव्हा त्या पाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी नदीत असेल, असे धरले होते. धुळ्याच्या पांझरेत किंवा जळगावजवळच्या गिरणेत एप्रिल-मे महिन्यांत हे आठपट पाणी आणायचे कुठून? धरणातून आवर्तन सुटले तर पात्र ओले होते. एरवी वाळूतून जी धार वाहते ती बहुतांशी गावाच्या गटारांचीच. त्यात उन्हाळ्याची भर. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांना तो साडेसातवर येतो. म्हणजे जिवाणूंची भूक वाढते त्याच दिवसांत पाण्यातला साठा घटतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यांतले 53, म्हणजे इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त, महाराष्ट्रात होते आणि त्यांत तापी व गिरणाही होत्या. मोसम नदी मालेगावजवळ गिरणेला मिळते. त्यामुळे मालेगावच्या यंत्रमागांच्या आणि वस्तीच्या पाण्याचा प्रश्न जिल्ह्याची हद्द ओलांडून खाली जळगावकडे येतो.

दोन शहरांचा हिशेब

2011 च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या सुमारे 4 लाख 60 हजार आणि धुळ्याची पावणेचार लाख होती. माणशी 135 लिटर पाणीपुरवठा आणि त्याच्या 80 टक्के सांडपाणी हे अभियंत्यांचे ठरलेले प्रमाण लावले, तर जळगावचे सांडपाणी रोज सुमारे 5 कोटी लिटर आणि धुळ्याचे 4 कोटी लिटर भरते. जळगावच्या पाच कोटी लिटरांत साडेबारा टन बीओडी असतो. प्रत्यक्षात नळ रोज येत नसेल तेव्हा पाणी कमी आणि घाण तेवढीच, म्हणून सांडपाणी अधिक दाट होते. पाण्याच्या वाराला अचानक लोंढा येतो. शुद्धीकरण केंद्राचा आराखडा करताना सरासरीइतकाच हा चढउतारही धरावा लागतो.

जळगाव, धुळे आणि भुसावळ ही तिन्ही शहरे 2015 च्या अमृत अभियानात आली. त्यानंतर भुयारी गटारांची कामे, आणि धुळ्याच्या देवपुरात खोदलेले रस्ते, हा रोजच्या बोलण्याचा विषय झाला. गटार मात्र घाण फक्त एका जागी आणून ठेवते. शुद्धीकरण त्यानंतर सुरू होते.

हवा देऊन : विरजणाची रीत

एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी 1914 मध्ये मँचेस्टरला सांडपाण्यात हवा फुंकून पाहिली. पहिल्या वेळी पाणी पुरते शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. हवा बंद केल्यावर तळाशी बसलेला गाळ त्यांनी फेकला नाही. तो तसाच ठेवून वर नवे सांडपाणी घातले. प्रत्येक खेपेला वेळ कमी होत गेला आणि अखेर एका दिवसाच्या आत काम होऊ लागले. दह्याचे विरजण राखून ठेवणाऱ्या कोणत्याही घराला हे तत्त्व नवे नाही. तो गाळ म्हणजे जिवंत जिवाणूंचा गोळा होता. आर्डर्न-लॉकेट यांना या कामाची दिशा देणारे गिल्बर्ट फाउलर 1916 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले, त्यामुळे ही विद्या भारतात लवकर पोचली. जगातल्या बहुतेक शहरांची मोठी केंद्रे आज याच सक्रिय गाळ पद्धतीवर किंवा तिच्या सुधारित रूपांवर चालतात.

केंद्रात पाणी आधी जाळीतून जाते. तिथे प्लास्टिक, चिंध्या आणि पाने अडतात. पुढच्या टाकीत वाळू बसते. नंतर हवेच्या टाकीत काही तास तळातून बारीक बुडबुडे सोडतात आणि शेवटच्या निवळ टाकीत गाळ खाली बसून वरचे पाणी वाहून जाते. बसलेल्या गाळाचा मोठा भाग पुन्हा हवेच्या टाकीत येतो, उरलेला बाहेर काढतात. नवे केंद्र सुरू करताना चालक दुसऱ्या केंद्रातला गाळ टँकरने आणतात. तो नसला तर ताजे शेण कालवून टाकतात आणि जिवाणूंना चारा म्हणून गूळ देतात. याला तिथल्या भाषेत ‘कल्चर टाकणे’ म्हणतात.

केंद्र नीट चालले आहे का, हे ओळखायला एक लिटरची काचेची नळी पुरते. हवेच्या टाकीतले तपकिरी पाणी तिच्यात भरून अर्धा तास हलवायचे नाही. पहिल्या पाच-सात मिनिटांत गाळाचे पुंजके एकमेकांना धरत खाली सरकू लागतात, वर स्वच्छ पाण्याची पट्टी दिसते आणि अर्ध्या तासाने गाळ नळीच्या खालच्या दोन ते चार दशांशात विसावतो. रंग चॉकलेटी आणि वास पहिल्या पावसात भिजलेल्या मातीसारखा असेल तर प्रकृती ठीक आहे. गाळ वरच तरंगत राहिला तर त्यात धाग्यासारखे जिवाणू माजले आहेत. काळा पडून वास मारू लागला तर हवा कमी पडते आहे. त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की आणखी कळते. पुंजक्याला देठाने चिकटलेले, घंटेसारखे व्हॉर्टिसेला दिसले आणि रोटिफर फिरताना आढळले, तर गाळ मुरलेला आहे. हे जीव सुट्या जिवाणूंना खाऊन पाणी नितळ करतात. नुसतेच शेपटीवाले जीव सैरावैरा पळत असतील तर गाळ अजून कोवळा आहे.

जिवाणूंचे अन्न समतोल असावे लागते. बीओडीच्या 100 भागांमागे 5 भाग नत्र आणि 1 भाग स्फुरद हे रूढ प्रमाण आहे. घरगुती पाण्यात ते आपोआप जुळते. साखर किंवा पिष्टाच्या कारखान्याच्या पाण्यात नत्र कमी पडते, म्हणून तिथे युरिया आणि डीएपी घालावे लागते.

या पद्धतीचा मोठा खर्च विजेचा. एक किलो बीओडी काढायला ढोबळमानाने पाऊण ते एक युनिट वीज लागते, म्हणजे जळगावएवढ्या शहराला केवळ हवेसाठी रोज नऊ ते बारा हजार युनिट. वीज काही तास गेली तर गाळ गुदमरतो. शिवाय काढलेल्या बीओडीपैकी जवळपास अर्धा भाग नव्या गाळाच्या रूपाने पुन्हा हाती येतो आणि तो वाळवून, कुजवून मार्गी लावावा लागतो.

हवेविना : उन्हाळ्याचा उपयोग

प्राणवायू न देताही सेंद्रिय पदार्थ पचतात. गायीम्हशींच्या पोटात आणि गोबरगॅसच्या खड्ड्यात तेच घडते. जिवाणूंचा एक गट मोठे रेणू तोडतो, दुसरा त्यांची आम्ले करतो आणि तिसरा, मिथेन करणारा गट, त्या आम्लांपासून जळणारा वायू देतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 मध्येच मैल्याचा वायू गोळा करून वापरला होता. पुणे जिल्ह्यातल्या देहू गावात डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी संडासाला जोडलेली बायोगॅस संयंत्रे उभी केली; त्यांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

मोठ्या प्रमाणावरच्या वापराला गती दिली ती नेदरलँड्समधल्या गात्से लेटिंगा यांच्या रचनेने. 1970 च्या दशकात त्यांनी बसवलेल्या टाकीत पाणी तळातून वर चढते आणि वाटेत गाळाच्या जाड थरातून जाते. जिवाणू एकमेकांना धरून मोहरीएवढे दाणे बनवतात. ते जड असल्याने वाहून जात नाहीत, म्हणून काही तासांतच काम होते. भारतात गंगा कृती योजनेखाली कानपूरच्या जाजमऊ इथे 1989 मध्ये असे 50 लाख लिटरचे केंद्र सुरू झाले.

या रीतीला हवा फुंकण्याची वीज लागत नाही. नवा गाळही हवेच्या पद्धतीच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकाच होतो. रासायनिक प्राणवायू मागणीचा (रसायनाने मोजलेल्या भुकेचा, म्हणजे सीओडीचा) एक किलो पचला की सुमारे साडेतीनशे लिटर मिथेन मिळतो. तिचे खरे भांडवल म्हणजे उष्णता. मिथेन करणारे जिवाणू 35 अंशांच्या आसपास सर्वांत जोमात असतात. थंड देशांत टाकी तापवण्यासाठी तयार झालेला वायूच जाळावा लागतो. खानदेशात उन्हाळी पारा 45 पर्यंत चढतो आणि गटाराचे पाणीही वर्षाचा बहुतेक काळ पुरेसे कोमट असते. जे ऊन नदीतला प्राणवायू घालवते तेच या टाकीला उपकारक ठरते. पौष-माघातल्या थंड रात्री वायू घटतो, म्हणून टाकीचे आकारमान हिवाळ्याच्या हिशेबाने धरावे लागते.

दाट पाण्याला ही रीत विशेष लागू पडते. दोंडाईचा हे मक्यापासून स्टार्च करण्याच्या उद्योगाचे गाव. स्टार्चसाठी मका गंधकाच्या वायूने आम्लयुक्त केलेल्या कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजवतात. त्या पाण्यात प्रथिने, शर्करा आणि गंधक उतरते. शर्करेपासून वायू भरपूर मिळतो, पण गंधक खाणारे जिवाणू मिथेनवाल्यांच्या तोंडचा घास पळवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तो विषारी वायू यंत्राचे लोखंडही खातो, म्हणून इंजिनात नेण्यापूर्वी वायू धुवावा लागतो. दारू गाळणाऱ्या कारखान्यांचा ‘स्पेंट वॉश’ त्याहून दाट. एक लिटर मद्यार्कामागे त्याचे दहा-बारा लिटर निघतात आणि बीओडी लिटरमागे चाळीस हजार मिलिग्रॅमच्या पुढे असतो. वायू काढल्यावरही त्याचा काळसर तपकिरी रंग जात नाही, कारण मळीतून येणारी रंगद्रव्ये जिवाणूंना सहज पचत नाहीत.

साखर कारखान्यांची अडचण हंगामाची. गाळप संपले की टाकीतले जिवाणू उपाशी राहतात आणि दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटतो तेव्हा एकदम पूर्ण भार येतो. मिथेनवाले सावकाश वाढतात, आम्ल करणारे झपाट्याने. हा मेळ बिघडला की टाकी आंबट होते आणि वायू थांबतो. म्हणून हंगामाआधी तीन-चार आठवडे शेण देऊन, भार हळूहळू वाढवत, सामू 7 च्या जवळ ठेवून टाकी जागी करावी लागते.

हवेविना पचन एकट्याने पुरे पडत नाही. घरगुती पाण्यात त्यातून बीओडी साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश उतरतो. उरलेल्यासाठी मागे तळे, वाफा किंवा थोडी हवा हवी.

झाडे, तळी आणि माती

कमी वस्तीच्या गावाला यंत्रापेक्षा वाफा परवडतो. सुमारे दोन फूट खोल, तळ न झिरपणारा खड्डा खडी-वाळूने भरून त्यात कर्दळ, पाणकणीस, वाळा किंवा नळ लावतात. पाणी खडीच्या आत, पृष्ठभागाखालून वाहते, त्यामुळे डास आणि वास राहत नाही. काम झाडे करतात असे वरून दिसते, पण मुख्य कर्ते खडीवर चिकटलेले जिवाणू. झाडाच्या मुळांतून थोडा प्राणवायू झिरपतो आणि त्या ओल्या अंधारात हवेवर व हवेविना जगणारे असे दोन्ही प्रकारचे जिवाणू शेजारी नांदतात. जर्मनीत केटे झायडेल यांनी 1950 च्या दशकात याचे प्रयोग केले. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेची ‘फायटोरिड’ आणि मुंबई आयआयटीत एच. एस. शंकर यांनी घडवलेली मृदा जैवतंत्र पद्धत या महाराष्ट्रातल्या शाखा. दर माणशी एक ते दोन चौरस मीटर जागा लागते. हजार वस्तीच्या गावाला दहा ते वीस गुंठे पुरतात. वाफ्याआधी गाळ बसवण्याची टाकी नसेल तर खडी दोन-तीन वर्षांत तुंबते, आणि वाढलेली झाडे कापून नेली नाहीत तर त्यांनी घेतलेले नत्र-स्फुरद कुजून पुन्हा पाण्यात उतरते.

उथळ तळ्यांची रीत आणखी साधी. मीटर-दीड मीटर खोल तळ्यात पाणी तीन आठवडे थांबते. दिवसा शेवाळ प्राणवायू देते, जिवाणू तो वापरतात आणि ऊन रोगजंतू मारते. खानदेशात ऊन मुबलक आहे, पण वैशाखात बाष्पीभवनाने पाणी घटते आणि क्षार वाढतात. जलपर्णीने पाणी शुद्ध होते म्हणून ती सोडण्याचा मोह धोक्याचा. ती वेळेवर काढली नाही तर तळे झाकते, खालचा प्राणवायू संपवते आणि डासांना घर देते.

शोषखड्ड्याबाबत इथली जमीन दोन टोकांची आहे. तापीच्या दक्षिणेची काळी कसदार माती ओली झाली की फुगते आणि पाणी जिरू देत नाही. तिथे खड्डा लवकर तुंबतो. उत्तरेला, चोपडा-यावल-रावेरच्या सातपुड्याच्या पायथ्याशी, दगडगोट्यांचा बझाडा पट्टा आहे. पावसाचे पाणी तिथूनच खोलवर मुरून केळीच्या बागांच्या विहिरींना मिळते. तिथे पाणी इतक्या झपाट्याने उतरते की मातीला गाळायला उसंतच मिळत नाही. त्या पट्ट्यात मैलापाण्याचा शोषखड्डा घेणे म्हणजे विहिरीलाच नळी जोडणे. म्हणून तिथे पाणी आधी वाफ्यात शुद्ध करून मगच जमिनीत जाऊ द्यावे.

जिवाणूंना न पेलणारे

जिवाणू सेंद्रिय पदार्थ मोडतात. धातू मोडत नाहीत. शिसे, क्रोमियम किंवा तांबे पाण्यातून कमी झाले तरी ते गाळात जाऊन बसते आणि तो गाळ खत म्हणून वापरला तर शेतात पोचते. मीठ तसेच राहते. चटई आणि पाइपच्या धंद्यात प्लास्टिक धुतल्यावर सुटणारे कण जिवाणू खात नाहीत, ते गाळूनच काढावे लागतात. कापडाच्या अॅझो रंगांना दोन टप्पे लागतात. हवेविना टाकीत रंगाचा बंध तुटून पाणी फिके पडते, पण त्यातून निघणारी अमाइने विषारी असतात. त्यांना नंतर हवेच्या टाकीत पचवावे लागते. नुसता रंग गेला म्हणून पाणी सोडणे ही फसगत आहे. म्हणून कारखान्याचे पाणी शहराच्या गटारात येण्याआधी त्याच्याच आवारात अंशतः शुद्ध करावे लागते. एका रात्री सोडलेले आम्ल महिनाभर जोपासलेला गाळ मारू शकते.

बीओडी उतरला म्हणजे रोगजंतू गेले असेही नाही. सक्रिय गाळात ते 90 ते 99 टक्के घटतात, पण मूळ संख्या कोटींत असल्याने उरलेलेही लाखांत असतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी 100 मिलिलिटरमागे 1000 विष्ठाजन्य कोलीफॉर्म जिवाणूंची मर्यादा सुचवली होती. तिथवर यायला पाण्यात क्लोरीन घालावे लागते किंवा उथळ तळ्यात उन्हाचे आणखी काही दिवस द्यावे लागतात. नाल्यावर इंजिन लावून पिकवलेली मेथी-कोथिंबीर आणि जमिनीपासून उंच घड धरणारी, ठिबकवरची केळी यांत म्हणूनच धोक्याचा फरक आहे. ठिबकला पाणी देताना शेवाळ आणि तरंगता गाळ गाळला नाही तर मात्र नळ्यांची तोंडे आठवड्यात बुजतात.

शुद्ध पाण्याचा धनी

शुद्ध केलेले पाणी कोरड्या नदीत सोडण्यापेक्षा वापरात आणणे खानदेशला अधिक लाभाचे. केंद्र सरकारच्या जानेवारी 2016 च्या वीजदर धोरणानुसार शुद्धीकरण केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीज केंद्रांना ते पाणी वापरणे बंधनकारक आहे. भुसावळजवळचे दीपनगर वीज केंद्र जळगाव आणि भुसावळ या दोन्ही शहरांपासून त्या अंतरात येते. वीज केंद्राला थंड करण्यासाठी लागणारे पाणी या मार्गाने मिळाले, तर तापीच्या स्वच्छ पाण्याचा तेवढा भाग पिण्यासाठी आणि शेतीसाठी राहतो.

उरतो देखभालीचा भाग. त्याचा नमुना पांझरेच्या काठी फार जुना आहे. फड पद्धतीत बंधाऱ्यावरून पाट निघे, शिवाराचे फड पाडलेले असत, पिके एकत्र ठरत आणि पाणी पाळीने मिळे. पाण्याची पाळी आणि पाटाची डागडुजी पाहणारा पाटकरी गावाने नेमलेला असे. त्याचा मोबदला शेतकरी धान्याच्या रूपाने देत. बंधारा दगडाचा असला तरी पद्धत टिकली ती पाटकऱ्याच्या रोजच्या फेरीवर.

जैविक शुद्धीकरण केंद्राची गरज याच जातीची आहे. हवेच्या टाकीतला प्राणवायू लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या खाली न जाऊ देणे, नळीतला गाळ रोज पाहणे, सामू तपासणे, जाळी साफ करणे, जादा गाळ ठरल्या दिवशी काढणे आणि हे सगळे वहीत लिहून ठेवणे, एवढे काम शिकलेला एक माणूस करू शकतो. ते न केल्यास कोट्यवधी खर्चून बांधलेल्या टाक्यांतून तेच काळे पाणी पुढे जाते. म्हणून आराखड्यातच यंत्रांच्या किमतीबरोबर पुढच्या निदान पंधरा वर्षांची वीज, चाचण्या आणि चालकाचा पगार यांची तरतूद दाखवणे आणि शुद्ध पाणी कोणाला, कोणत्या दराने जाणार हे बांधकामाआधी ठरवणे, हे या पद्धतींचे घटक मानावे लागतात. त्या पाण्याचा दर देणारा शेतकरी किंवा कारखाना खाली असला, की वरच्या टाकीतल्या पाण्यावर रोज कोणाची तरी नजर राहते.